शेऱ्याचा रकाना

खांब उभा केला त्या दिवशी बाजार होता.
दोन इंची जीआय पाइप, रुद्राप्पानं वेल्ड करून दिलेला,
तीन बाजूंना ताणाच्या तारा,
आणि टोकाला तीन काळ्या वाट्या, लहान पोराच्या मुठीएवढ्या.
शेवंता खालून ओरडली,
"एवढ्याशा वाट्यांना एवढा खांब?"

खानापुरात कौलांवरून चालायचं म्हणजे
पाय वाशावर पडला पाहिजे, कौलावर नाही.
उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथसमोर उभा होतो.
खाली काँक्रीट. पायांना कधी विचार करावा लागला नाही.

उत्तर सापडेना.
फोनमधलं होकायंत्र पाइपाजवळ नेलं की
झिंगल्यासारखं गरगरायचं.
लोखंडाशेजारी सुई खरं बोलत नाही,
हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.
म्हणून रात्री चढलो.
आपल्याकडे ध्रुव फार वर येत नाही,
स्टेशनच्या टाकीहून थोडा उंच, बस्स,
बघा म्हणून कुणाला आग्रह न करणारा.
त्याच्याकडे बघत बाणाच्या बुडावरची खूण वळवली
आणि स्क्रू आवळला.

पश्चिमेला फणस आहे. तो शेवंता तोडू देणार नाही.
कणकुंबीकडचा वारा त्याच्या पानांतून
थोडा मोडून, थोडा गोंधळून येतो.
तो मी तसाच लिहितो.

एका फेऱ्याला एक टिचकी.
आतला चुंबक पुढून जातो, वायरीतून आकडा खाली येतो,
(वायरीला मध्येच झोळ ठेवलाय, पाणी तिथून गळून जातं)
आणि मी वहीत मांडतो:
तारीख, वेळ, वेग, दिशा, शेरा.
शेऱ्याचा रकाना वर्षभर कोराच होता.

नोव्हेंबरात वेग शून्य आला.
दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्याही.
मला वाटलं, दिवसच तसे आहेत, निवांत.
तेवढ्यात शेजारच्या खळ्यावर
गंगव्वानं सूप डोक्याच्या वर धरलं
आणि भात सोडलं.
फोल तिरकं उडत माझ्या कुंपणापर्यंत आलं.
मी म्हटलं, वारा नाहीये आज.
ती सूप न थांबवता म्हणाली,
"गाळी हाय की वो. तुमच्या मिशिनला दिसंना व्हय?"

चढलो.
भट्टीच्या धुळीनं बेअरिंग धरलं होतं,
आणि थांबलेल्या वाटीत कुंभारणीनं
मातीचं घर बांधलं होतं,
वर बोटाचा ठसा दिल्यासारखं बंद केलेलं.
माती आमच्याच ओढ्याची, कौलांचीच.
खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.
मग परत खिशात घातला.
का, ते शेवंतालाही नीट सांगता आलं नाही.

१९ नोव्हेंबर. वेग ०.
शेरा: गंगव्वा म्हणते मूडल गाळी, बिडीकडनं.
फोल चार हात जातं, दाणा पायाशी.
२० नोव्हेंबर. वेग ०.
शेरा: सहा हात. सकाळी नाही, उन्हं चढल्यावर.
२१ नोव्हेंबर. शेरा: फोल जागीच. बाई वैतागली.
२२ नोव्हेंबर. शेरा: गंगव्वा लेकीकडे बैलहोंगलला. नोंद नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात
मातीला एक गोल भोक दिसलं, आतून पाडलेलं.
मग खरवडलं. बेअरिंग पेट्रोलनं धुतलं, फुंकून वाळवलं.
तेल घातलं नाही. तेल धूळ बोलावतं,
आणि धुळीला आमच्याकडे आमंत्रण लागत नाही.
बोटानं ढकलली वाटी, ती कितीतरी वेळ
माझं बोट विसरून फिरत राहिली.

संध्याकाळी गंगव्वा कुंपणापाशी आली,
"लागलं काय मिशिन? किती म्हनतंय?"
"ताशी सात."
तिनं मूठभर फोल उचललं, सोडलं,
ते पडलं तिथवर बघितलं.
"म्हंजे चार हात," म्हणाली,
आणि सूप घ्यायला आत गेली.